बिनबोलीची मोटार

१

औंढ्याच्या बाजारात उकंडरावाच्या हाताला मोल होतं. तोंडाला नव्हतं, कारण तोंड फटकळ, दोन वाक्यांत माणूस तोडणारं. पण हात शब्दाला पक्का.

बैलाचा भाव तिथं तोंडानं ठरत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर येतात, हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं तर शंभर, पंजा धरला तर पाचशे, बोटाचं मधलं पेर दाबलं तर पन्नास. वर मात्र दोघांनीही दुसरीकडंच बघायचं. एखादा जांभई देतो, एखादा पाऊसपाण्याचं काढतो. शेवटी विकणाऱ्यानं करंगळी ओढली, तर त्याचा अर्थ असा की पैशांवर एक लहानगं द्या. म्हणजे घेणाऱ्याच्या गोठ्यातलं एखादं वासरू. घेणाऱ्यानंही उलट ओढली की कबूल. मग त्या सौद्याला चिठ्ठी लागत नाही, साक्षीदार लागत नाही, आणि त्यातून फिरता येत नाही. उकंडराव तीस वर्षांत एकदाही फिरला नव्हता आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा, ऐकणाऱ्याला हवं असो वा नसो.

सुटायची वाट एकच, ती म्हणजे बोली. विकणारा आठ दिवसांची बोली देतो. बैल औताला बसला, मारका निघाला, तर आणून बांधा आणि पैसे घेऊन जा. "बिनबोलीचा बैल येक तर चोरीचा, न्हाईतर खोडीचा," हे उकंडरावाचंच वाक्य.

असा हा माणूस एकोणीसशे एकोणचाळीसच्या माघात बिनबोलीची मोटार बघायला हिंगोलीला निघाला, तो हौसेनं नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्याची एकुलती एक लेक गोजर बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या, मूल अडलं, सुईणीनं हात टेकले. हिंगोलीचा दवाखाना गावापासून सोळा मैल. उकंडरावाची लालकंधारी जोडी, जिच्यासाठी परभणीपासून माणसं यायची, ती कयाधू नदीच्या वाळूत गाडीसकट रुतली. लेकरू गाडीतच जन्मलं आणि रडलं नाही.

आता गोजर पुन्हा माहेरी आली होती. सहावा सरत होता. सासरचा निरोप अगदी स्वच्छ होता, या खेपेलाही रिकाम्या हातानं येणार असेल तर तुमची पोरगी तुमच्यापाशीच राहू द्या. उकंडरावानं निरोप्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या रागातच त्यानं मोटारीची चौकशी सुरू केली.

२

मोटार हिंगोलीच्या छावणीत, एका जुन्या बंगल्याच्या तबेल्यात उभी होती. सोबतीला त्यानं रामकिशनला घेतलं होतं. हा रामकिशन कापसाच्या हंगामात सर्व्हिस मोटार हाकायचा आणि इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगायचा.

बंगल्यात हरिचंद नावाचा म्हातारा एकटा राहत होता. मोटार त्याच्या मुलाची. मुलगा मोठा ठेकेदार, पण गेली चार वर्षं हैदराबादेत होता आणि इकडं फिरकत नव्हता. व्हरांड्यात एक सागवानी पाळणा टांगलेला होता. त्यात जुन्या ट्यूबा आणि पान्हे भरून ठेवले होते.

मोटार मात्र देखणी होती. ठेंगणी, लांब नाकाची, वरून उघडी, हिरव्या रंगाची. उकंडरावानं सवयीनं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. चाकं हातानं दाबली, दिव्यांत वाकून बघितलं. बैलाच्या कातडीवर शुभ-अशुभ भोवरा बघतात, तो इथं कुठं बघायचा हे न कळल्यानं तो जरा चिडलाच.

"आठ दिवसाची बोली देता का?" त्यानं विचारलं.

हरिचंद अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "बोली न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. येकदा नेली का फाटकातून परत आत घेणार न्हाई. आनून उभी केली तरी आमी उघडणार न्हाई, कितीबी हार्न वाजवा."

"अशी तोडून काहून बोलता? गिऱ्हाइक हाय मी."

"म्हनूनच तर बोलून राहिलो."

रामकिशननं हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं, खोकलंसुद्धा नाही. तो एकटाच फेरी मारून आला. छावणीच्या सरळ रस्त्यावर मोटार गेली तेव्हा मागं धुळीची भिंत उभी राहिली. कयाधू, वाळू, गाडी, सगळं या धुळीच्या मागं राहील असं उकंडरावाला वाटलं.

रामकिशन उतरला तो रुमालानं मान पुसत.

"इंजनात खोड न्हाई मालक. साठ मैलानं गेली, लोण्यावानी. पन बिरेक मारला का मागच्या सीटचं चामडं करकरते. मानूस बसलेला असला अन् पुढं झुकला का करकरते ना, तसं."

"स्प्रिंग असंल."

"व्हय, स्प्रिंग असंल," रामकिशन म्हणाला. त्यानं मागं वळून मात्र बघितलं नाही.

३

सौद्याच्या वेळी हरिचंद मोटारीत जाऊन बसला, पुढच्या सीटवर, डावीकडं. दुपारी मी इथंच बसतो म्हणाला. उकंडराव त्याच बाजूच्या ठेंगण्या दाराशी उभा राहिला. रामकिशन विहिरीवर पाणी प्यायला गेला होता. तबेल्याच्या दाराशी बंगल्याचा माळी आणि आणखी दोघे उगाच घुटमळत होते.

त्यांना भाव कळू द्यायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर उकंडरावाला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दारावर पसरलं, हात खाली सरकवला आणि नजर लिंबाच्या झाडावर लावली. म्हातारा ठेकेदाराचा बाप, त्याला बाजारातली बोटं ठाऊक असतील का, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही.

आतून एक हात आला आणि त्यानं त्याचा हात धरला.

हात ओला होता, धुवून न पुसल्यासारखा. उकंडरावानं चार बोटं धरली. पलीकडून पंजा आणि वर चार, म्हणजे नऊशे. उकंडरावानं पाचशे केले. तो हात जाणता होता. कुठं ढिला सोडायचा, कुठं दाबून थांबायचं, सगळं त्याला येत होतं. तीस वर्षांत इतका चांगला हात उपरण्याखाली आला नव्हता, आणि उकंडरावाला मजा यायला लागली. शेवटी पंजा, वर दोन बोटं, तिसऱ्याचं मधलं पेर. साडेसातशे.

मग त्या हातानं त्याची करंगळी धरली आणि ओढली.

वर एक लहानगं. उकंडरावाला मनातल्या मनात हसू आलं. मोटारीवर वासरू! म्हाताऱ्याला दूधदुभत्याची हौस दिसते. गोठ्यात नऊ वासरं होती, एक गेलं तर काय बिघडतं? त्यानं सवयीनं करंगळी उलट ओढली. झाला सौदा.

तेवढ्यात हरिचंद खेकसला, "फडकं टाकून काय उभे राहिलात? बोला की. किती देता?"

उकंडरावानं खाली बघितलं. हरिचंदच्या डाव्या हातात सुपारी होती, उजव्यात अडकित्ता. मांडीवर कातरलेल्या सुपारीचा ढीग जमला होता. आणि त्याला आठवलं, की तो लिंबाकडं बघत असताना अडकित्त्याची कटकट एकदाही थांबली नव्हती.

त्यानं उपरणं ओढून घेतलं. दाराच्या आत सीट होती, खाली काथ्याची चटई होती. दुसरं काही नव्हतं.

"इचार करून सांगतो," तो म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला.

"सांगू नका," हरिचंद म्हणाला. "घ्यायची तर पैशे घेऊन या. चारशे."

४

घरी येईपर्यंत उकंडरावानं स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःला पटवायला बसला की त्याच्याइतका गोडबोल्या दलाल नाही. उन्हात चालून आलो, डोकं तापलेलं, हाताला मुंग्या आल्या. तीस वर्षांची सवय, बोटांना आपोआप सौदा ऐकू आला. शेतात औत सोडल्यावरही कासरा हातात असल्यासारखा वाटतो, तसंच हे. पण उपरणं त्यानं धुवायला टाकलं आणि पुन्हा खांद्यावर घेतलं नाही.

नर्मदाबाई, त्याची बायको, वेगळ्याच कारणानं पेटली होती.

"बिनबोलीची मोटार घेऊन राहिले म्हने. लोकाले ग्यान सांगता अन् सोता शेन खाता! लेक इथं जीव मुठीत धरून बसली, अन् हे खेळनं आनतेत."

"तिच्यासाठीच आनतो ना!"

"तिच्यासाठी? नाकासाठी आनता तुमी. बैल रुतले ते तुमाले लागलं. लेकरू गेलं ते मले लागलं."

उकंडरावाला हे इतकं झोंबलं की तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. खोटं असतं तर एवढं झोंबलं नसतं.

मोटार नको, असं त्यानं ठरवून टाकलं. पुढच्या बाजाराला तो आखाडा बाळापूरला गेला. तिथं सोनाजीची एक बैलजोडी त्याच्या मनात होती. सोनाजी जुना व्यापारी, वीस वर्षांचा दोस्त. तापलेल्या दुपारी, शे-दोनशे माणसांत, सोनाजीनं आपला पटका दोघांच्या हातांवर टाकला.

सोनाजीचं एक बोट लहानपणी कडबा तोडताना अर्धं गेलेलं, त्यामुळं त्याचा हात आंधळ्यालाही ओळखू आला असता. पटक्याखाली तोच, सोनाजीचाच हात होता. भाव चढला, उतरला, दोघांची बोटं एका आकड्यावर आली. आणि उकंडरावाच्या करंगळीला काहीतरी ओलं लागलं.

सोनाजीची साडेचार बोटं त्याच्या पंज्यात होती. तरीही करंगळी कुणीतरी धरली होती, हळूच ओढत होतं, दिलेल्या शब्दाची आठवण द्यावी तसं. पटक्याखाली तीन हात होते.

उकंडरावानं हात उपसून बाहेर काढला.

सोनाजीनं पटका गोळा केला. "बोटं कबूल झाली, अन् हात काढता?"

"मले जमत न्हाई. सोड."

"सोड? तीस वर्सं आमाले शिकवून राहिलात, फिरायचं न्हाई म्हनून!" सोनाजीचा आवाज चढला. आजूबाजूचे सौदे थांबले. "ऐका रे, उकंडराव फिरला! आता ह्याच्या हातात हात देतानी इचार करा."

कोणी तरी हसलं. कोणी तरी थुंकलं. या बाजारात ज्याच्यासाठी माणसं वाट सोडायची, त्याच्यासाठी त्या दिवशीही सोडली, पण अंग चोरून.

सोनाजीला खरं सांगता आलं असतं. नर्मदाबाईला सांगता आलं असतं, रामकिशन तर अर्धं समजूनच होता. पण उकंडरावाची जीभ दुसऱ्याला टोचायलाच वळायची, स्वतःचं काही सांगायला वळायची नाही. परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच हिशेबी विचार घट्ट झाला. सौदा झालाय आणि आपण तो उचलला नाही. उचलून टाकला की हात सुटेल. गोजरला मोटार मिळेल. देणाऱ्याचं देऊन टाकायचं, चारशे नाहीत, साडेसातशे. आणि वर एक लहानगं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण भ्यालेला माणूस नियमाला धरतो.

५

रामकिशनला पुढं पाठवून तो गड्यासोबत बैलगाडीत वासरू घालून हिंगोलीला पोचला. वासरू चांगलं निवडलं होतं, तांबूस, कपाळावर चांदणी, चार महिन्यांचं.

हरिचंद नेहमीच्या जागी, मोटारीत बसला होता. उकंडरावानं पैसे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"चारशे म्हनलो होतो मी."

"साडेसातशे हायेत."

अडकित्ता थांबला. म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच उकंडरावाच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"साडेसातशे कोन बोललं तुमाले?"

उकंडरावानं पैसे आणखी पुढं सरकवले.

"माझ्या पोरानंबी साडेसातशेलाच घेतली होती," हरिचंद हळू म्हणाला. मग त्याची नजर बैलगाडीतल्या वासराकडं गेली. "अन् हे काहून आनलं?"

"वर येक लहानगं. कबूल झालं होतं."

हरिचंद मोटारीतून उतरला. मांडीवरची सुपारी सगळी खाली सांडली. तो उलट्या पावली व्हरांड्यापर्यंत गेला आणि पाळण्याला धक्का लागला तशी आतले पान्हे खणखणले. "नेऊन टाक," तो दारातून ओरडला. "मोटार ने, जनावर ने, पैशे ने! माझ्या आंगनात उभा राहू नको. घरी कोनी पोटुशी हाय का तुझ्या?"

उकंडराव दोन पावलं पुढं सरला. "तुमाले काय करायचं त्याचं?"

म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. आतून कडी, मग दुसरी कडी. उकंडरावानं दारावर लाथ घातली, शिव्या दिल्या, पुन्हा पुन्हा विचारलं.  शेवटी त्यानं पैसे व्हरांड्यात ठेवले, वासरू लिंबाच्या झाडाला बांधलं, गड्याला बैलगाडी परत न्यायला सांगितलं आणि मोटारीत बसला.

अजूनही वेळ होती, मोटार तिथंच सोडून येता आली असती. त्याच्या मनात ते आलंही. पण मनात कयाधूची वाळूही आली, आणि तो गाडीतला अवघड शांतपणा, जेव्हा सगळे रडण्याची वाट बघत होते. "चल," तो रामकिशनला म्हणाला.

सोळा मैलांत मागचं चामडं एकदाही करकरलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वासरू त्याच्या दारात उभं होतं.

"जनावर हाय, वास काढत येते घरी," असं तो गड्याला म्हणाला. येतातही. पण गळ्यातलं दावं सोडून, नीट गुंडाळून, पुन्हा गळ्यातच अडकवलेलं होतं. आणि सोळा मैल चालून आलेल्या वासराच्या खुरांना धूळ नव्हती.

ते घेतलं गेलं नव्हतं. परत पाठवलं होतं.

६

पुढचे दोन महिने मोटारीत एकही खोड निघाली नाही. रामकिशन आता त्याच्याकडंच राहिला होता आणि रोज सकाळी इंजिन लावून बघत होता. पहिला झटका, की चालू. पोरं धावत मागं यायची. गोजर ओसरीवर बसून हसायची.

"आबा, तुमची मोटार बैलाहून सरस निघाली."

"निघनारच," तो म्हणायचा आणि हात खिशात घालायचा. हात झाकून ठेवायचा नाही, अंधारात सोडायचा नाही, हे त्यानं स्वतःला लावून घेतलं होतं. पोत्यात हात घालून धान्य बघणं बंद. निजतानाही दोन्ही हात पांघरुणाबाहेर. मोटारीत कापड न्यायचं नाही, असा हुकूम त्यानं सोडला, चादर नाही, पोतं नाही, पडदा नाही. नर्मदाबाईनं कपाळाला हात लावला. "बुद्धी फिरली तुमची," ती म्हणाली. त्यानं कारण विचारू दिलं नाही.

एकदा त्यानं मोटार परत न्यायचा प्रयत्नही केला. छावणीतल्या बंगल्याच्या फाटकाला साखळी होती. रामकिशननं भोंगा वाजवून वाजवून रबर फाटायची वेळ आणली. बंगल्याची खिडकी किलकिली झाली आणि बंद झाली. बोली नव्हतीच, म्हातारा शब्दाला जागला.

मोटार दुसऱ्या कुणाला विकावी, असंही त्याला वाटलं. पण गोजरला नववा लागला होता.

७

वैशाखातल्या एका दुपारी, दिवस भरायला पंधरवडा असताना, कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोटावर हात ठेवला आणि दोन वर्षांपूर्वीसारखंच तोंड केलं.

"मोटार काढ," उकंडराव ओरडला. रामकिशन आधीच हँडलपाशी होता.

गोजरला मागच्या सीटवर निजवलं. नर्मदाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिनं घडी केलेली चादर उलगडली.

"चादर न्हाई!" उकंडरावानं टोक धरलं.

"उघड्या मोटारीतून, कळा देतानी, अख्ख्या गावादेखत नेऊ का लेकीला?" ती त्याच्यावर अशी धावली की वेशीवरची माणसं बघायला लागली. "लाज हाय का न्हाई तुमाले? सोडा!"

सांगायचं तर आत्ता सांगायला हवं होतं. आणि सांगत बसलं तर वेळ जाणार होता. गोजर कण्हत होती. त्यानं टोक सोडलं. नर्मदाबाईनं लेकीला गळ्यापासून पायापर्यंत झाकलं.

मोटार अशी निघाली, की तिला रस्ता पाठ असावा. औंढ्याच्या बाजूची शेतं सरसर मागं गेली. उकंडराव पुढच्या सीटवर गुडघे टेकून उलटा बसला होता, लेकीच्या तोंडावर डोळे ठेवून. इंजिन एका सुरात चाललं होतं. दहा मैल झाले. समोर कयाधूचा उतार दिसला, कोरडी वाळू, आणि रामकिशननं वेग तसाच ठेवून तिला पलीकडं चढवली. चाक घसरलंसुद्धा नाही. उकंडरावाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई," गोजर डोळे मिटून म्हणाली, "हात सोडू नको. थंड हाय. बरं वाटून राहिलं."

नर्मदाबाईचे दोन्ही हात वर होते. एका हातानं ती पदरानं वारा घालत होती, दुसरा लेकीच्या कपाळावर होता.

चादरीखाली, गोजरच्या कमरेजवळ, काहीतरी सावकाश हललं.

"करंगळी काहून ओढून राहिलीस गं?" गोजर म्हणाली.

"ओढू नको!" उकंडराव किंचाळला. "गोजर, हात बाहेर काढ! तू ओढू नको!"

"काय झालं तुमाले?" नर्मदाबाई म्हणाली. गोजरला तेव्हा ऐकू येत नव्हतं, कळ चढत होती. उकंडरावानं सीटवरून मागं अंग झोकून दिलं आणि स्वतःचा हात चादरीखाली घातला.

लेकीचा हात सापडला, तापलेला. आणि तिच्या करंगळीवर दुसरा, ओला, ओळखीचा. त्यानं तो हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव चढवायला बसला. पंजा दिला. दोन पंजे दिले. पुन्हा पुन्हा दिले, जोडी, जमीन, घर, जेवढं बोटांत मावेल तेवढं. हात थांबून ऐकून घ्यायचा, घाईत नव्हता. मग शांतपणे तिच्या करंगळीवर परत जायचा.

स्वतःला कसं द्यायचं, हे त्याला सुचेना. तीस वर्षांत किती खुणा केल्या, पण म्हाताऱ्या जनावराची खूण बाजारात नव्हतीच. ते कोणी मागत नाही. त्यानं आपला सबंध हात त्या हातात देऊन टाकला. त्या बोटांनी त्याचा पंजा चाचपला, एकेक पेर, जसं तो बैलाचे दात बघायचा. आणि बाजूला सारला.

कळ आली. गोजरनं दात खाल्ले, सगळ्या अंगानं आकसली, आणि जे हाती होतं ते घट्ट धरून आपल्याकडं ओढलं.

उकंडरावाला ते चादरीखाली कळलं. मग तिथं फक्त दोन हात राहिले, त्याचा आणि लेकीचा.

"आलो मालक!" रामकिशन ओरडला. दवाखान्याचं फाटक समोर होतं, दोन बाया पायऱ्या उतरून धावत येत होत्या. "अर्ध्या घंट्यात आनलं! बैलानं दिवस गेला असता!"

मोटार थांबली. गोजरनं डोळे उघडले. तोंडावरचा ताण सगळा उतरला होता, तान्ही असताना निजेतून उठायची तशी ती दिसत होती.

"आबा," ती हसून म्हणाली, "दुखायचं थांबलं बघा. येकदम हलकं वाटून राहिलं."

नर्मदाबाईनं नागनाथाला हात जोडले. रामकिशन इंजिनाच्या नाकावरून कौतुकानं हात फिरवत होता. बायांनी विचारलं, कळा किती वेळापासून आहेत?  त्यांनी चादर उचलायला हात घातला, तेव्हा उकंडराव तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिला.